अंधारात ऐकणारा भुंगेरा

नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे आणि शेजारून गोदावरी वाहते. अशा गावी रात्र पुरती काळोखी होत नाही. पावसाळ्यात दिव्यांखाली कीटकांचे थर साचतात. दिव्यावर झेपावणाऱ्या याच जीवांच्या विचाराने आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची रीत रुळली. पण हे जीव कोणते, याची विचारपूस आपण फारशी करीत नाही.

त्यांतले एक कुळ वाघ भुंगेऱ्यांचे. विळ्यासारखे जबडे, काटकुळे लांब पाय, वाघासारखी झडप. भारतात त्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. पुष्कळ जाती उन्हात नदीकाठच्या वाळूवर धावतात. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील टेट्राका, फेओझँथा यांसारखे भुंगेरे मात्र दिवसा दडून राहतात आणि रात्री शिकारीस निघतात. अळी जमिनीतील उभ्या बिळात, सपाट डोक्याने तोंड बुजवून, भक्ष्याची वाट पाहते. अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानातील फेओझँथा क्लुगीची अळी तर पुराखालच्या प्राणवायूविरहित मातीत तीन महिन्यांहून अधिक काळ तग धरते. जवळजवळ चातुर्मासच म्हणा!

तत्त्वार्थसूत्रात चतुरिंद्रिय जीवांचे उदाहरण म्हणून भ्रमर येतो: स्पर्श, रस, घ्राण आणि चक्षू, कान नाही. वाघ भुंगेऱ्यांच्या अनेक जातींना मात्र कान असल्याचे कीटकशास्त्रज्ञांना आढळले आहे, तेही पंखांखाली, पोटाच्या आरंभी. त्यांनी त्यांना वटवाघळाचा स्वनातीत ध्वनी ऐकू येतो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनानुसार रात्री उडणाऱ्या काही जाती त्याला तशाच ध्वनीने उत्तर देतात. तो बेचव, विषारी पतंगांच्या आवाजाशी मिळताजुळता असतो. त्यामुळे वटवाघूळ फसून पाठ फिरवत असावे. केवळ दिवसा वावरणाऱ्या जाती असे उत्तर देत नाहीत. शास्त्रातील वर्गीकरण आणि प्रयोगशाळेतील निरीक्षण यांची ओढूनताणून सांगड घालण्याची गरज मला वाटत नाही. ज्याला आपण मुका समजत होतो तो बोलतो, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

दिव्यापुढे मात्र हे कौशल्य निष्फळ ठरते. पांढऱ्या, निळसर उजेडाकडे कीटक अधिक ओढले जातात, पिवळसर उजेडाकडे कमी. दिव्याला वरून झाकण असले आणि गरज सरताच तो मालवला, तर ही ओढ आणखी घटते. अळीचा प्रश्न वेगळा. तिचे बीळ काठच्या वाळूत असते, आणि वाळू उपसली की बिळासकट तीही जाते.