रुपया घसरला म्हणून सहल पुढे ढकलू नका

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर पहिल्यांदाच नव्वद रुपयांच्या वर गेला आणि घरोघरी आखलेल्या उन्हाळी सहलींची पुन्हा चर्चा सुरू झाली. युरोप पुढच्या वर्षी बघू, जपान आता परवडायचं नाही, त्यापेक्षा दुबई बरी. ही काळजी समजण्यासारखी आहे. २०११ च्या मध्यात हाच डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता. पण बातम्यांतल्या त्या एका आकड्यावर सहल ठरवणं किंवा मोडणं मला पटत नाही. पुष्कळदा तो आकडा आपल्या सहलीचा नसतोच आणि जिथे खरोखर पैसे गळतात, तिकडे आपलं लक्ष नसतं.

गैरसमज : डॉलर महागला म्हणजे सगळं परदेश महागलं

जपानचंच उदाहरण घ्या. २०२० च्या अखेरीस डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता आणि शंभर येनसाठी जवळपास ७० रुपये मोजावे लागत होते. जुलै २०२४ मध्ये डॉलर ८३ च्या पुढे गेलेला होता, म्हणजे रुपया चांगलाच घसरला होता. तरीही त्या महिन्यात शंभर येन ५२ रुपयांच्या आसपास मिळत होते. येन डॉलरसमोर रुपयापेक्षा कितीतरी जास्त घसरला होता. १९८६ नंतर इतका खाली तो कधी गेला नव्हता. पंधरा हजार येनची हॉटेलची खोली आधी साडेदहा हजार रुपयांना पडली असती, ती तेव्हा आठ हजारांच्या आत आली. रुपया पडल्याच्या बातम्या वाचून ज्यांनी त्या काळात जपान रद्द केलं, त्यांनी चुकीच्या चलनाची बातमी वाचली होती.

दुबईची गोष्ट उलटी. डॉलर महागला म्हणून अमेरिका सोडून दुबईकडे वळणारे बरेच असतात, पण संयुक्त अरब अमिरातीने १९९७ पासून दिरहम डॉलरला बांधून ठेवला आहे : एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. त्यामुळे डॉलर ८३ वरून ९० वर गेला की दिरहमही साडेबावीस रुपयांवरून साडेचोवीसवर जातो. ओमान, कतार, सौदी अरेबिया यांची चलनंही अशीच डॉलरला जोडलेली आहेत, मालदीवच्या बेटांवरची हॉटेलं तर थेट डॉलरमध्येच दर सांगतात. याउलट नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे आणि भूतानचा न्गुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीने चालतो. काठमांडू किंवा पारोला जाणाऱ्याने हॉटेलच्या खर्चासाठी डॉलरकडे बघण्याचं कारण नाही.

विमानाच्या तिकिटाचं मात्र वेगळं आहे. तिकीट रुपयांत काढलं तरी कंपन्यांनी घेतलेल्या विमानांचं भाडं आणि खनिज तेलाची किंमत डॉलरमध्ये ठरते. डॉलरची झळ तिथे थोडीफार बसतेच, देश कुठलाही असो.

गैरसमज : तिकडचं चलन पडलं की तिकडे स्वस्ताई

पडलेल्या चलनाच्या मागोमाग तिथली महागाई येते, हे प्रवासी विसरतो. तुर्कस्तानात २०२१ च्या सुरुवातीला एक लिरा दहा रुपयांच्या आसपास होता. २०२४ संपताना तो अडीच रुपयांच्याही खाली आला. ऐकणाऱ्याला वाटेल, इस्तंबूल चौपट स्वस्त झालं. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला महागाईचा दर ८५ टक्क्यांच्या वर होता आणि परदेशी पाहुण्यांसाठीचे अनेक दर लिरामध्ये उरलेच नव्हते. जानेवारी २०२४ पासून आया सोफिया आतून बघायला परदेशी पर्यटकाला २५ युरो पडू लागले. कापाडोकियातल्या बलूनचा भावही युरोत सांगतात. लिरा कितीही पडो, हे खर्च जागचे हलत नाहीत.

स्वस्त येनची गोष्टही इथे पुरी करायला हवी. जपानच्या रेल्वेचा सात दिवसांचा पास २९,६५० येनला मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो एकदम ५०,००० येन झाला. २०२० च्या महाग येनने जुना पास सुमारे पावणेएकवीस हजार रुपयांना पडला असता. २०२४ च्या स्वस्त येनने नवा पास सव्वीस हजारांना. हॉटेल स्वस्त, पास महाग. त्यामुळे विनिमय दरासोबत तिथल्या भाड्याचे आणि प्रवेश शुल्काचे आजचे आकडे समोर ठेवल्याशिवाय अंदाजपत्रक करू नये.

एका रुपयाला किती नोटा मिळतात यावरून स्वस्त-महाग ठरवणं हीही त्यातलीच चूक. एका रुपयात सोळा-सतरा कोरियन वॉन येतात, पण सोलमध्ये कॉफीचा एक कप साडेचार-पाच हजार वॉनचा, म्हणजे जवळपास तीनशे रुपयांचा असतो.

गैरसमज : दर उतरला की घेऊ, तोवर थांबू

२०११ ते २०२५ या चौदा-साडेचौदा वर्षांत डॉलर दुप्पट झाला, म्हणजे सरासरीने वर्षाला पाच टक्क्यांच्या जवळपास वाढला. मध्ये रुपया सावरलाही, पण वर्षभर थांबून फायदा होईल हा भरवसा या इतिहासातून मिळत नाही. शिवाय थांबलेल्या वर्षात तिकडची हॉटेलं आणि तिकिटंही महागतात.

नुकसान नेमकं किती, तेही मोजून बघा. समजा माणशी तीन लाखांची सहल आहे आणि त्यातले दीड लाख परकीय चलनात खर्च होणार आहेत. रुपया पाच टक्के घसरला तर भार वाढतो साडेसात हजारांनी. ही रक्कम लहान नाही, पण तेवढ्यासाठी आई-वडिलांचा प्रवास पुढे ढकलावा इतकी मोठीही नाही. लागणारं चलन तीन-चार टप्प्यांत घेतलं की सगळी रक्कम सर्वांत वाईट दिवशी घेण्याची पाळी येत नाही. टूर कंपनीच्या सहलीत एक गोष्ट आधी विचारून ठेवा. पुष्कळ सहलींच्या किमतीत एक भाग रुपयांत आणि एक भाग डॉलर किंवा युरोत असतो. परकीय चलनाचा तो भाग नोंदणीच्या दिवशीच्या दराने धरणार की पैसे भरण्याच्या दिवशीच्या, हे लेखी घ्या.

गैरसमज : कमिशन शून्य म्हणजे फुकटात बदलून मिळतं

मला सगळ्यांत जास्त पैसे इथे वाया जाताना दिसतात. गूगलवर दिसतो तो बँकांच्या आपापसातल्या खरेदी-विक्रीचा मधला दर. त्या दराने तुम्हाआम्हाला नोटा मिळत नाहीत. मनी चेंजरची कमाई त्याच्या खरेदी आणि विक्रीच्या दरांतल्या फरकात असते, त्यामुळे कमिशन शून्य लिहायला त्याला काहीच अडचण नसते. हिशेबाला सोपं म्हणून युरोचा मधला दर शंभर रुपये धरा. एक दुकानदार कमिशन न घेता १०३ ने देतो, दुसरा १०१ ने देतो आणि वर तीनशे रुपये शुल्क लावतो. हजार युरोसाठी पहिल्याकडे १,०३,००० जातात, दुसऱ्याकडे १,०१,३००. शुल्क घेणारा सतराशे रुपयांनी स्वस्त पडला.

म्हणून चौकशी करताना दर विचारू नका. हजार युरो हातात पडायला माझ्याकडून एकूण किती रुपये जाणार, एवढं विचारा, सगळे कर धरून. जीएसटी इथे मोठा नसतो. लाखाच्या चलनावर तो १८० रुपये होतो. विमानतळावरचे काउंटर बहुधा सर्वांत महाग असतात, तेव्हा चलन शहरातूनच घेऊन निघा. रोख नोटा मात्र एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात. उरलेले पैसे कार्डावर न्यावे लागतात.

फॉरेक्स कार्डावर पैसे भरताना जो दर असतो तोच पुढे टिकतो, हे खरं. पण डॉलर भरलेलं कार्ड पॅरिसमध्ये वापरलं तर डॉलरचे पुन्हा युरो होतात आणि त्या बदलाचं वेगळं शुल्क कापलं जातं. जिथे जायचं तिथलंच चलन भरा. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार लावते आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांचे अशाने चारच्या थोडे वर जातात. अधिभार न लावणारी कार्डंही आहेत, ती निघण्याआधी महिनाभर शोधावीत.

परदेशी सहल किंवा चलन घेताना आधीच कापला जाणारा कर, टीसीएस, म्हणजे बुडालेला पैसा, असंही बरेच जण धरून चालतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकरात वळता होतो आणि जास्त असेल तर परतावा मिळतो. त्याचे दर आणि मर्यादा अर्थसंकल्पात बदलत असल्याने चालू वर्षाचे बघून घ्या. निवृत्त आई-वडिलांच्या पॅनवर तो कापला गेला असेल तर उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरा, नाहीतर ते पैसे तिथेच राहतील.

गैरसमज : मशिनवर रुपये निवडले की फसवणूक टळते

परदेशात कार्ड लावलं की मशीन बऱ्याचदा विचारतं, रक्कम रुपयांत घ्यायची की स्थानिक चलनात? रुपया ओळखीचा, आकडा लगेच कळतो, म्हणून हात तिकडे जातो. पण रुपये निवडले की दर ठरवते तिकडची कंपनी आणि तो चार-पाच टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त महाग असतो. काही भारतीय बँका अशा रुपयातल्या व्यवहारावर वर वेगळं शुल्कही घेतात. पाच टक्क्यांच्या ज्या घसरणीसाठी आपण सहल रद्द करायला निघतो, तेवढंच नुकसान इथे दर वेळी एका बटणाने होतं, आणि पावतीवर स्पष्ट छापलेलं असूनही ते कोणी वाचत नाही.

तुमचे आई-वडील पहिल्यांदाच मुलीकडे किंवा मुलाकडे परदेशी निघाले असतील, तर पासपोर्ट-व्हिसाच्या कागदांइतकंच नीट बसवून हे त्यांना शिकवा : दुकानात, हॉटेलात, एटीएमवर, कुठेही विचारलं तरी स्थानिक चलनच निवडायचं.