लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बदलावी काय? : निर्णयाचे निकष

लॅपटॉप संथ झाला की नवा घेण्याचा विचार बळावतो. परंतु जुन्या लॅपटॉपमध्ये या संथपणाचे मूळ पुष्कळदा हार्ड डिस्कमध्ये असते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या असंख्य लहान फाइल्स वाचताना ही प्रतीक्षा साचत जाते. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती उरत नाही.

तथापि हा उपाय सर्वत्र लागू पडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर दीर्घकाळ १०० टक्क्यांजवळ राहत असेल, तर बदल फलदायी ठरतो. मात्र त्याच वेळी रॅमही भरलेली असेल, तर प्रथम रॅम वाढवणे इष्ट. कारण अपुऱ्या रॅमचा भार डिस्कवरच पडतो. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ साठी अपात्र ठरणाऱ्या लॅपटॉपवर खर्च करताना हे ध्यानात घ्यावे.

डिस्क सुस्थितीत असल्यास हे काम सत्रान्ताच्या सुट्टीत करता येते. ती खडखडू लागली किंवा फाइल्स उघडताना त्रुटी येऊ लागल्या, तर मात्र प्रश्न वेगाचा राहत नाही. प्रबंध व संशोधन-सामग्रीची प्रत त्वरित अन्यत्र काढावी. सॉलिड स्टेट ड्राइव्हही पूर्वसूचनेविना निकामी होऊ शकते. सारांश, माध्यम बदलल्याने वेग वाढतो. सुरक्षितता मात्र दुसऱ्या प्रतीनेच लाभते.