संगणकाचे कोठार व त्याचा दरवाजा

कोठारात माल कितीही असला तरी तो बाहेर येतो दरवाजातून. संगणकातील माहितीच्या कोठाराचेही असेच आहे. हे कोठार आमच्या डोळ्यांदेखत पार बदलले. दरवाजा मात्र बराच काळ जुनाच राहिला. एसएसडी विकत घ्यावयास गेलेल्या गृहस्थाची जी फसगत होते, तिचे मूळ बहुधा येथेच सापडते. म्हणून ही हकीकत थोडी मागून सांगावयास हवी.

जुनी हार्ड डिस्क ही जातीने ग्रामोफोनची बहीण. १९५६ साली आय.बी.एम.ने आणलेल्या रामॅक या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर फिरत. पुढे तबकडी तळहातावर मावेल एवढी झाली, पण तिचे फिरणे काही सुटले नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकवावे लागते, त्याचा वेळ निराळाच. सगळे मिळून बारा-तेरा मिलिसेकंद होतात. म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास ठिकाणे गाठली की बिचारीने शर्थ केली म्हणावयाचे!

साटा नावाची जोडणी २००३ साली आली, ती अशाच कोठारासाठी. २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्या तारेतून सेकंदाला सहा अब्ज बिट जाऊ लागले. त्यांतील दर दहा बिटांपैकी दोन संकेतासाठी खर्ची पडतात. हाती उरतात ६०० मेगाबाइट. या तारेवरून बोलण्याची जी रीत ठरली, तिचे नाव एएचसीआय. तिच्यात मागण्यांची रांग एकच, आणि रांगेत उभे राहू शकतात फक्त बत्तीस. फिरत्या तबकडीला एवढ्यानेही धाप लागे. तेव्हा करणाऱ्यांची त्यात काही चूक होती असे आम्ही म्हणणार नाही.

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडलेला असतो. तो वाचावयास काही दशक मायक्रोसेकंद पुरतात, आणि अनेक चिपा एकाच वेळी कामाला लागू शकतात. असे कोठार साटाच्या तारेला जोडणे म्हणजे एस.टी. स्टँडवर आत दहा कारकून बसवून बाहेर तिकिटाची खिडकी एकच उघडण्यासारखे आहे. म्हणून मार्च २०११ मध्ये एनव्हीएमई ही नवी बोली जाहीर झाली. तिच्यात पासष्ट हजारांवर रांगा मांडता येतात व प्रत्येक रांगेत तितक्याच मागण्या. प्रत्यक्षात एवढ्या कोणी मांडीत नाही. प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला स्वतःची रांग मिळाली की काम भागते. ही बोली पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गिकांवरून चालते. तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिका सेकंदाला सुमारे ३,९०० मेगाबाइट वाहतात. चौथ्या पिढीत याच्या दुप्पट, पाचव्या पिढीत पुन्हा दुप्पट.

आता खरा घोटाळा. एम.२ म्हणून जी २२ मिलिमीटर रुंदीची पट्टी मिळते, तिचे नाव केवळ आकाराचे आहे, बोलीचे नव्हे. त्याच आकारात साटा बोलणारी पट्टी असते आणि एनव्हीएमई बोलणारीही. आम्ही स्वतः एकदा दोन खाचांची पट्टी आणली. ती खोबणीत नीट बसली, स्क्रूही घट्ट झाला; संगणकाला मात्र ती दिसेचना. पट्टी साटाची होती आणि खोबण केवळ पीसीआय एक्सप्रेसची. दुकानदाराने ती परत घेतली नाही, आणि पुस्तिका आधी न वाचल्यामुळे आम्हांलाही भांडता येईना. खाचा पाहून थोडा अंदाज येतो, पण निश्चित उत्तर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या पुस्तिकेतच असते.

मग ज्यांच्या घरी जुना संगणक आहे, त्यांनी तो मोडीत काढावा काय? आमचे उत्तर साफ नकारार्थी आहे. संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फायली ठिकठिकाणांहून उचलाव्या लागतात. तेथे दरवाजाच्या रुंदीपेक्षा प्रत्येक खेपेचे थांबणे नडते. तबकडीच्या बारा मिलिसेकंदांच्या जागी साटाची एसएसडी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उत्तर देते. म्हणजे थांबणे शंभरपटीने घटले. त्यापुढे एनव्हीएमई घेतली तरी चिपेचा स्वतःचा वेळ तोच राहतो. चित्रफितींचे संकलन करणाऱ्यास तिचा लाभ ताबडतोब दिसेल. पत्रे लिहिणाऱ्यास आणि सोसायटीचे हिशेब ठेवणाऱ्यास फारसा जाणवणार नाही.

साटाची तार असलेल्या जुन्या संगणकात तीच तार अडीच इंची एसएसडीला चालते. फक्त झाकण उघडण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी करून ठेवावी, आणि ती उघडते की नाही हेही पाहून घ्यावे.