वारजे परिसरातील घरगुती बागकाम

वारजे परिसरातील घरगुती बागकाम म्हणजे पुणे शहराच्या नैर्ऋत्य भागातील वारजे व वारजे-माळवाडी या वस्त्यांमध्ये गॅलरी, गच्ची, खिडकीची जाळी किंवा बंगल्याभोवतीची अरुंद जागा यांत घरच्या घरी, बहुधा टाकाऊ वस्तू वापरून केली जाणारी लागवड. मराठीत यासाठी परसबाग हा जुना शब्द आहे. सदनिकांमध्ये परसच उरलेले नसल्याने ‘गच्चीवरील बाग’ किंवा ‘कुंडीतील बाग’ असेही म्हटले जाते.

== पार्श्वभूमी ==

वारजे हे मुठा नदीच्या डाव्या तीरावरील मूळचे शेतकरी गाव. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आल्यावर आणि मुंबई-बंगळूर महामार्ग गावाला लागून गेल्यावर येथील शेते झपाट्याने बिगरशेती झाली व त्या जागी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. जुन्या घरांतून मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ वाढत असे, दारात तुळशीवृंदावन व मागे कढीपत्त्याचे झाड असे. त्यातली तुळस गॅलरीत आली, अळू कुंडीत आले, केळ मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिली.

येथील डोंगरउतारावरील वनजमिनीवर २०१५ नंतर वन विभाग, स्वयंसेवी संस्था व नागरिक यांनी मिळून देशी वृक्षांची लागवड केली. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नगर वन योजना जाहीर करताना वारजे येथील या वनाचा उदाहरण म्हणून उल्लेख केला. घरगुती बागकामाशी त्याचा संबंध अप्रत्यक्ष आहे. उजाड मुरमाड जमिनीत काय तगते, हे परिसरातील रहिवाशांना तेथे पाहता येते. मात्र कुंड्या भरण्यासाठी वनातील पालापाचोळा उचलून आणणे योग्य नाही, कारण त्याच पाल्यातून तेथील पातळ माती जाड होत असते.

== वैचारिक आधार ==

महाराष्ट्रातील शहरी परसबागेची आजची रीत प्रामुख्याने कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून आली. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात त्यांनी मांडलेले सूत्र असे, की सूर्यप्रकाश हे खरे भांडवल असून पानांचा जितका पृष्ठभाग उन्हात राहील तितके अन्न तयार होते. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाची गरज भागावी हे त्यांचे उद्दिष्ट होते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी याच विचाराच्या जवळचा प्रयोग गच्चीवर केला व मातीऐवजी मुख्यतः उसाची चिपाडे वापरली. दाभोलकरांचे अनुयायी दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात बजवाडा येथे ‘अमृत माती’ची पद्धत घडवली. पुण्यात उदय भवाळकर यांनी गांडूळखताच्या तंत्राचा प्रसार केला. पुण्याच्या गच्च्यांवर आज जे दिसते ते या सर्वांचे मिश्रण आहे, आणि पुष्कळ बागकऱ्यांना त्यातील एकही नाव ठाऊक नसते.

== गच्चीवरील भार ==

घरगुती बागेच्या वर्णनांत हा विषय सहसा शेवटी येतो. तो प्रथम यायला हवा. ‘आय. एस. ८७५’ या भारतीय मानकानुसार वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो इतका वापराचा भार गृहीत धरलेला असतो. पाण्याने भिजलेली माती दर घनमीटरला दीड टनाहून जड असते. त्यामुळे विटा रचून ३० सेंटीमीटर जाडीचा मातीचा वाफा केला, तर त्याखालील प्रत्येक चौरस मीटरवर ४५० ते ५०० किलो वजन येते. बारा इंची कुंडीसुद्धा ओल्या मातीसह २० किलोंच्या पुढे जाते, आणि तीस-चाळीस कुंड्या एकाच कोपऱ्यात ठेवण्याची सवय सर्रास आढळते.

यावर दोन उपाय केले जातात. एक म्हणजे जड कुंड्या तुळई किंवा भिंतीच्या रेषेवर मांडणे, स्लॅबच्या मध्यावर नव्हे. दुसरा अधिक मुळाशी जाणारा : माती कमी करून पालापाचोळ्याचे कुजलेले खत वाढवणे. दाभोलकर-दोशी परंपरेतील पालापाचोळा आणि चिपाडे गच्चीच्या दृष्टीने मोलाची ठरतात ती यामुळेच. जुन्या इमारतीत किंवा गळती असलेल्या गच्चीवर अभियंत्याचे मत घेतल्याशिवाय वाफे करू नयेत. गळती झाल्यास ती खालच्या मजल्यावरील घरात होते आणि वाद संस्थेच्या सभेपर्यंत जातो. कुंड्या फरशीला टेकवून न ठेवता विटांवर किंवा लोखंडी घोड्यावर ठेवल्यास पाणी वाहून जाते व फरशी कोरडी राहते.

== माती तयार करणे ==

वारज्याची मूळ जमीन काळ्या बेसॉल्ट खडकावरील मुरमाची. बांधकामाच्या जागेवरून फुकट मिळणारी माती बहुधा हीच असते. तिच्यात सिमेंटचा व चुन्याचा अंश मिसळलेला असल्याने रोपे पिवळी पडतात. नर्सरीतील तांबडी माती निचऱ्याला बरी, तर शेतातील काळी माती कुंडीत वाळली की तडकते. सर्वसाधारणपणे एक भाग पोयटा माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा (कोकोपीट) असे मिश्रण वापरतात. पाच किलोंची कोकोपीटची वीट भिजवली की सुमारे ७० लिटर भुसा होतो.

अमृत मातीसाठी आधी अमृत जल करतात. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवतात व रोज ढवळतात. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालून वाळलेला पाला भिजवतात. पाल्याचे व मूठभर मातीचे थर रचून ढीग करतात आणि तो दर आठवड्याला उलथतात. पाला मोडला की ढिगात निरनिराळे बी पेरतात. उगवलेली रोपे ठरावीक दिवसांनी कापून त्याच ढिगावर आच्छादन म्हणून पसरतात. सगळ्याला चार-पाच महिने लागतात. सदनिकेत शेण-गोमूत्र मिळवणे आणि ते तीन दिवस गॅलरीत ठेवणे सर्वांना जमत नाही. तेथे बादलीतील खताचा मार्ग सोपा.

त्यासाठी रंगाच्या २० लिटर रिकाम्या बादलीला बुडाशी व बाजूंनी भोके पाडतात. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर सुका पाला, मग स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि पुन्हा पाला, असे थर देतात. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट आकारमानाचा सुका पाला हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजून पाला वाढवावा, आणि काहीच हालचाल दिसली नाही तर थोडे पाणी किंवा आंबट ताक शिंपडावे. शिजवलेले तेलकट अन्न, मासे व हाडे यांत घालत नाहीत. एक बादली भरली की ती झाकून दुसरी सुरू करायची. दीड-दोन महिन्यांत पहिलीतले खत काळे, भुसभुशीत होऊन त्याला पहिल्या पावसासारखा वास येतो.

सुका पाला मिळण्याची मुळीच अडचण नसावी, कारण माघ-फाल्गुनात संस्थांच्या आवारात त्याचे ढीग पडतात. प्रत्यक्षात तो पोत्यांत भरून कचऱ्यात जातो किंवा जाळला जातो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करण्यात आली. त्याच वर्षी अदिती देवधर यांनी पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे, त्यांची गाठ घालून देणे हे त्याचे काम.

ओल्या कचऱ्याचा प्रश्न पुण्यात केवळ बागेचा नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. एप्रिल २०१७ मध्ये तेथील डेपोला आग लागल्यानंतर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरभर ढीग साचले. वारज्यातील गॅलरीत जिरलेली भाजीची देठे तितकी फुरसुंगीच्या वाटेला जात नाहीत. गांडूळखत प्रकल्प, पर्जन्यजल संधारण व सौरऊर्जा यांसाठी महानगरपालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. ती मिळण्यासाठी प्रकल्प चालू स्थितीत असावा लागतो.

== सोप्या रचना ==

कुंडी विकतच आणली पाहिजे असे नाही. तेलाचे पंधरा किलोंचे पत्र्याचे डबे, फुटक्या बादल्या, थर्माकोलची खोकी, तांदळाच्या विणलेल्या पिशव्या हे सर्व चालते. अट एकच, बुडाशी पाणी जाण्यास भोके हवीत. पत्र्याचा डबा उन्हात तापून मुळे भाजतात, म्हणून त्याला बाहेरून चुन्याचा हात देतात किंवा गोणपाट गुंडाळतात. मातीच्या कुंड्या कसबा पेठेतील कुंभारवाड्यात आणि मुंढव्याजवळील केशवनगरात मिळतात. त्यांवर गेरू लावून तांदळाच्या पिठीसारख्या पांढऱ्या रंगाने वारली धाटणीची चित्रे काढणे हा सुट्टीतील मुलांचा आवडता उद्योग आहे.

पाणी देण्याची जुनी युक्ती म्हणजे घडा सिंचन. न भाजलेला नव्हे, पण लुकणही न केलेला लहान माठ मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरतात व भरून झाकतात. मातीला ओल हवी असेल तितकेच पाणी पाझरते. चार दिवस गावी जाणाऱ्यांसाठी त्याहून सोपा उपाय आहे. पाण्याने भरलेली बाटली कुंडीपेक्षा उंच ठेवून तिच्यात जाड सुती वात सोडायची आणि वातीचे दुसरे टोक मातीत खोचायचे. 

बियाणे स्वयंपाकघरातच असते. धणे चपलेखाली हलके रगडून दोन दले वेगळी केल्यावर पेरतात. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. बाजारातील पुदिन्याची पाने वापरून उरलेल्या काड्या पाण्यात ठेवल्या की मुळे फुटतात. आल्याचा कोंब आलेला तुकडा, अळूचा कंद, गवती चहाचा फुटवा, मायाळूची फांदी हे सारे शेजाऱ्यांकडून मागून आणायचे. ‘ब्रह्मकमळ’ म्हणून पुण्यात घरोघरी वाढवले जाणारे झाड तर एका पानावर रुजते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे निवडुंगाच्या कुळातील असून हिमालयातील ब्रह्मकमळाशी त्याचा संबंध नाही. रात्री ते उमलते तेव्हा जमलेल्या मंडळींना ही माहिती देणे मात्र कोणालाही आवडत नाही.

== ऊन आणि ऋतू ==

पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा असल्याने मध्यान्हीचा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत डोक्याच्या उत्तरेस असतो व उरलेले वर्ष दक्षिणेस. त्यामुळे दक्षिणेकडील गॅलरीला हिवाळ्यात भरपूर ऊन मिळते. टोमॅटो, मिरची, मुळा, पालक तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावे. उत्तरेकडील गॅलरीला ऊन येण्याचे दिवस नेमके ढगांचे, म्हणून तेथे अळू, पुदिना व शोभेची पानझाडे बरी. पूर्वेची गॅलरी सर्वांत सोयीची. दोडका, घोसाळी, पडवळ यांचे वेल मृगाच्या पावसावर लावून सुतळीच्या जाळीवर चढवतात. एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीची सावली लागते.

== अडचणी ==

कुंडीखालील ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व ताटल्या उलट्या करून कोरड्या करतात. कबुतरे कोवळी रोपे उपटतात. त्यांना जाळीखेरीज उपाय नाही. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण आणि चवळीवरील मावा यांसाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्षारयुक्त असते. ते सतत एकाच कुंडीला न देता साध्या पाण्यात मिसळून द्यावे लागते. तांदूळ व डाळी धुतलेले पाणी मात्र थेट चालते, आणि उन्हाळ्यातील पाणीकपातीच्या आठवड्यांत पुष्कळ बागा त्यावरच निभावतात.