उरलेल्याचा हिशोब (भाग ७) : पाव किलो राख

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालं की गावाआधी चिमण्या दिसतात. पाखरं नव्हेत, औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या. शेजारून गोदावरी वाहते. आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, गंगापूर धरण, रामकुंड असं करत ती इथवर येते आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या पाखरांकडे जाते. गेल्या आठवड्यात आंघोळीच्या बादलीचा हिशोब केला होता. या वेळी ते पाणी ज्यावर तापलं त्या आगीचा.

आगीचं पुढे काय होतं हे माझ्या आजीला पक्कं ठाऊक होतं. पहाटे चूल पेटवण्याआधी ती आदल्या दिवसाची राख काढायची. न जळलेले कोळसे वेचून बाजूला ठेवायची, ते बंबात जायचे. चाळलेली बारीक राख नारळाच्या शेंडीबरोबर भांडी घासायला, जाडीभरडी उकिरड्यावर. मूठभर राख वालाच्या वेलावर मावा पडला की त्यावर, मूठभर मुगाच्या डब्यात, कीड लागू नये म्हणून. देवळीतल्या पितळी डबीत अंगारा असे, पोराला दृष्ट लागली, ताप आला की कपाळाला लावायचा. तोही राखच. होळीच्या दुसऱ्या दिवशी तर आपण राखेलाच वंदन करतो, आणि माणूस गेला की त्याची रक्षा गंगेवर नेतो. भांड्यापासून भाळापर्यंत एकच पदार्थ पुरे. यात आजीला पर्यावरण वगैरे काही करायचं नव्हतं. राख डोळ्यांसमोर होती, तिचं काहीतरी करणं भागच होतं.

आपली राख मात्र डोळ्यांसमोर नाही. बटण आपल्या भिंतीवर असतं, तिची चूल एकलहऱ्यात.

एकलहऱ्याचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले. ते आता बंद आहेत. १९७९ ते १९८१ या काळात आलेले २१० मेगावॉटचे तीन संच राहिले. असा एक संच पूर्ण ताकदीने तासभर चालला तर २ लाख १० हजार युनिट वीज होते. युनिटमागे ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे तासाला दीडशे टनांच्या घरात, दिवसाला साडेतीन हजार टन. एका संचाला रोज एक अख्खी मालगाडी लागते म्हणा ना.

आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण भरपूर, साधारण ३० ते ४५ टक्के. तेव्हा ७०० ग्रॅम कोळशामागे पाव किलोच्या आसपास राख उरते. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. वीजबिलावरच्या युनिटना चारने भागा, उत्तर किलोत. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराची राख २५ किलो. तुमच्या दिव्यातली वीज नेमकी एकलहऱ्याचीच असते असं नाही; तारांच्या जाळ्यात सगळ्या केंद्रांची वीज मिसळते, त्यात पाण्याची, वाऱ्याची, सूर्याचीही असते. पण देशातली ७० टक्क्यांहून जास्त वीज अजून कोळशावरच होते, त्यामुळे हिशोब फार चुकत नाही.

या चुलीत कोळसा ढेकळांचा जळत नाही. गिरणीत त्याचं पावडरीसारखं पीठ करतात आणि हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. जळल्यावर साधारण पाचवा हिस्सा राख तळाशी पडते. बाकीची इतकी हलकी असते की धुराबरोबर वर निघते. चिमणीच्या आधी तिला विजेने भारलेल्या पत्र्यांमधून जावं लागतं. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे पत्रे राखेचे कण ओढून घेतात. मग ठोके देऊन ती खाली पाडतात. तीच उडती राख, फ्लाय ॲश. कोरडी राख टँकरने सिमेंटवाल्यांकडे आणि वीटवाल्यांकडे जाते. उचलली न गेलेली पाण्यात कालवून नळाने राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. तिथे पाणी सुकलं आणि उन्हाळ्याचा वारा सुटला की ती पुन्हा उडते. म्हणून बंधारा सतत ओला ठेवावा लागतो. पाण्याचा विषय आलाच आहे तर, २०१५च्या केंद्रीय नियमांनी शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. आपल्या बादलीच्या हिशोबात ही बादली धरायची राहिलीच होती.

ही राख आजीची राख नव्हे. लाकडाच्या, गोवरीच्या राखेत झाडाने मातीतून घेतलेलं पालाश असतं, म्हणून ती मातीला परत देता येते. दगडी कोळशाची राख बरीचशी काचेच्या सूक्ष्म गोळ्यांसारखी, त्यात जड धातूंचे अंश. ती भांड्यालाही नको, वालाच्या वेलालाही नको. तिची जागा भिंतीत. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांभोवतीच्या वीटभट्ट्यांना राख वापरण्याचं बंधन घातलं, कारण लाल विटेसाठी शेताची वरची सुपीक माती खरवडली जात होती. आज दुकानात मिळणाऱ्या पोझोलाना सिमेंटच्या गोणीतही १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत हीच राख असते.

आता जरा देवघराकडे. स्मृतिग्रंथांत ‘पंचसूना’ नावाची एक कल्पना आहे. सूना म्हणजे खाटीकखाना. शब्द दचकवणारा आहे, आणि मला वाटतं तो मुद्दाम तसा ठेवलाय. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा, गृहस्थाच्या घरातले हे पाच खाटीकखाने. इथे नकळत जीव मरतात. त्याची फेड म्हणून रोजचे पाच यज्ञ सांगितले. त्यातल्या एकात चार घास मुक्या जीवांसाठी बाजूला काढायचे, एकात दारी आलेल्याला जेवू घालायचं. ही कल्पना मनुस्मृतीत आहे, हे लपवायचं कारण नाही. १९३०चा काळाराम मंदिर सत्याग्रह पाहिलेल्या शहरात त्या पुस्तकाची थोरवी मी गाणार नाही, आणि त्याचं ओझंही हलकं करणार नाही. पण चुलीला खाटीकखाना म्हणणारी नजर मला सोडवत नाही. चूल पेटवू नका, असं ती म्हणत नाही. पेटवा, पण ती कोणाच्या जिवावर पेटते ते रोज आठवा, म्हणते. जैन घरांत हेच ‘जयणा’ या एका शब्दात सांगतात: पाणी गाळताना, दिवा लावताना, उठता-बसता बाळगलेली सावधगिरी.

सहावी सूना भिंतीवरच्या बटणात आहे. गिझरच्या १५ लिटरच्या टाकीतलं पाणी हिवाळ्यात २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं. म्हणजे आंघोळीमागे वाटीभर राख. जुना ७५ वॉटचा पंखा तेरा तासांत पाव किलो राख करतो. नवा २८-३० वॉटचा तेवढ्यासाठी तीस-पस्तीस तास घेतो. पण इथेच आपली ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ सुरू होते. एलईडी लावले म्हणून अंगणातले दिवे रात्रभर जळत ठेवायचे, छतावर सौर पॅनेल बसले म्हणून दुसरा एसी घ्यायचा. यंत्राने वाचवलेलं मनाने उधळलं, तर राख तिथेच.

एकलहऱ्याच्या लोकांना मात्र हे प्रवचन ऐकवू नये. त्यांच्या घरची चूल या केंद्रावर पेटते. ६६० मेगावॉटचा नवा संच इथेच व्हावा ही मागणी वर्षानुवर्षं चालली आहे, आणि तिच्यामागे कामगारांची, ठेकेदारांची, चहाच्या टपऱ्यांची पोटं आहेत. राख त्यांच्या वाट्याला आणि उजेड आपल्या, अशी वाटणी असताना आपण त्यांना संयम शिकवणं शोभत नाही.

मी एवढंच केलं: मीटरच्या पेटीखाली राखेची एक वीट आणून ठेवली. साधारण तीन किलोची, त्यात राख निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे सात युनिट, आमच्या घराचे जेमतेम दोन दिवस. सुरुवातीला घरचे हसले. आता बिल आलं की मुलगी युनिटना सातने भागून किती विटा झाल्या ते सांगते. गेल्या महिन्यात सोळा झाल्या. पाहुणे मात्र वीट पाहून विचारतात, ‘काय हो, बांधकाम काढलंय का?’

(पुढच्या आठवड्यात : निर्माल्य)