झांकणाचें घड्याळ

घराची वांटणी निघाली म्हणजे शेताचे, भांड्यांचे, दागिन्यांचे हिस्से पाडतां येतात. घड्याळाचे पाडतां येत नाहींत. गतवर्षीं आमच्या घराण्यांत हा प्रश्न उपस्थित झाला. आजोबांचें खिशांतील घड्याळ, दोन्ही बाजूंस सोनेरी झांकणें असलेलें, देवघराच्या कपाटांत तीस-पस्तीस वर्षें पडून होतें. आम्हां चौघां सख्ख्या-चुलत भावांचा त्यावर सारखाच हक्क. धाकट्याच्या कन्येस शिक्षणासाठीं पैसा हवा होता, म्हणून ‘मोडून टाकूं’ अशी सूचना त्याच्याकडून आली. ती गैर होती असें आम्हांस आजही म्हणवत नाहीं. सराफानें घड्याळ कांट्यावर ठेवलें आणि सांगितलें कीं, टरफलाचें वजन धरूं, आंतील यंत्र आपण घेऊन जा. ‘टरफल’ हा शब्द मनास लागला. आम्ही एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या महिन्यांत जें वाचलें व एका वृद्ध घड्याळजींकडून जें ऐकलें, तें येथें देत आहों. कारण अशीं घड्याळें वाचकांच्याही घरीं कोठें तरी असतीलच.

या जातीस इंग्रजींत ‘हंटर’ म्हणतात. कोल्ह्याच्या शिकारीस घोड्यावरून जाणाऱ्या इंग्रज गृहस्थांच्या खिशांतील उघडी कांच धक्क्यानें फुटे. म्हणून तिजवर बिजागरीचें धातूचें झांकण आलें, व शिकाऱ्याचें नांव घड्याळास चिकटलें. फ्रेंचांस मात्र त्याचा आकार साबणाच्या वडीसारखा दिसला. ते त्यास ‘साव्होनेत’ म्हणतात. उघड्या तोंडाच्या घड्याळास ‘लेपीन’ हें नांव अठराव्या शतकांतील पॅरिसचे घड्याळकार झां-आंत्वान लेपीन यांच्यावरून पडलें. ज्यांस दर वेळीं झांकण उघडण्याचा कंटाळा, त्यांच्यासाठीं ‘हाफ हंटर’ निघालें: झांकणाच्या मध्यभागीं लहानशी वाटोळी कांच, आणि तिच्या भोंवतीं बहुधा निळ्या मिन्यानें काढलेले तासांचे अंक. नेपोलियननें सुरीनें झांकणास भोंक पाडलें व त्यावरून ही युक्ति सुचली, अशी एक कथा सांगतात. आम्हांस ती पटत नाहीं; थोर पुरुषांच्या नांवावर असल्या कथा फार लवकर खपतात.

झांकण नसलेल्या घड्याळांत चावीची गुंडी बहुधा बाराच्या अंकावर असते. हंटरमध्यें ती तिनाच्या अंकाशीं असून सेकंदांची लहान तबकडी सहाच्या जागीं असते. झांकण हरवलें तरी एवढ्यावरून मूळ जात ओळखतां येते. गुंडी फिरवून चावी देण्याची सोय १८४० नंतरच्या दशकांत झाली. पॅतेक यांचे भागीदार आद्रियां फिलिप यांचें नांव त्याशीं निगडित आहे. तत्पूर्वीं वेगळी किल्ली बाळगावी लागे. त्याच्याही मागें जावें तर, ह्युगेन्स यांनीं १६७५ सालीं केसासारखी बारीक कमान चक्रास जोडली, तेव्हां कोठें खिशांतील घड्याळांत मिनिटकांट्यास अर्थ आला. तोंवर बहुतेकांस एकच कांटा असे. आपल्याकडे तोपर्यंत पाण्यांत घटिकापात्र बुडत होतें, व एका बुडण्याचीं चोवीस मिनिटें होत होतीं. तेव्हां कोणी कोणास हंसण्याचें कारण नाहीं.

झांकणाचें एक वैगुण्यही सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत ओहायो प्रांतीं किप्टन येथें १८९१ सालीं दोन गाड्यांची टक्कर झाली. एका चालकाचें घड्याळ चार मिनिटें बंद राहून पुन्हा आपोआप सुरू झालें होतें, असें सांगतात. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्यावर रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोंपविण्यांत आली, आणि पुढें जे कडक नियम रूढ झाले त्यांत आठवड्यास तीस सेकंदांहून अधिक फरक नको, व तोंड उघडेंच हवें, असें ठरलें. ज्यास एका दृष्टिक्षेपांत वेळ हवी, त्यास झांकण ही अडचणच.

आमच्या आजोबांची अडचण निराळी होती. १९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहरानें आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. दोहोंत एकोणचाळीस मिनिटांचें अंतर. आजोबा मुंबईस गेले म्हणजे घड्याळास हात लावीत नसत, मनांत वजाबाकी करीत. त्यांची गाडी कधीं चुकली नाहीं असें आजी सांगे.

आतां आमचा अपराध. नोकरीच्या आरंभीं पांच-सहा वर्षें हें घड्याळ आम्ही शाळेंत नेत असूं. तास संपतांना झांकण ‘टक्’ करून मिटलें कीं वर्ग चिडीचूप होई, व आम्हांस त्याचा अभिमान वाटे. घड्याळजींनीं भिंगांतून पाहून सांगितलें कीं, त्या प्रत्येक ‘टक्’नें अडकणीची धार झिजली आहे, गुंडी दाबून धरावी, झांकण मिटवावें, मग गुंडी सोडावी. आम्हांस कोणी हें शिकविलें नव्हतें, आणि आम्हींही कोणास विचारलें नव्हतें.

दुसरी गोष्ट: वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या घड्याळास चावी देऊन तें चालतें कीं नाहीं हें पाहूं नये. आंतील तेल वाळून चिकट झालेलें असतें; तशांत चालविल्यास बारीक आंस झिजतात. ‘चावी जास्त झाली म्हणून बंद पडलें’ असें आपण म्हणतों, तें बहुधा या वाळलेल्या तेलाचेंच काम.

सोन्याविषयीं. झांकणाच्या आंतल्या बाजूस ०.५८५ असेल तर चौदा कॅरट, ०.७५० असेल तर अठरा. ‘वीस वर्षांची हमी’ अशा अर्थाचा ठसा असेल तर तो सोन्याचा पातळ पत्रा, ज्यास आपण रोल्ड गोल्ड म्हणतों. यंत्रावरील आंतल्या झांकणीवर ‘क्युवेत’ असें कोरलें असल्यास ती बहुधा पितळेची असते, सोन्याच्या वजनांत धरूं नये. आमच्या घड्याळावर ०.५८५ निघालें, म्हणजे धाकट्याची मागणी पोकळ नव्हती.

मुदत संपली त्या दिवशीं आम्ही चौघे बसलों. घड्याळ मोडलें असतें तर आपापले हिस्से मुलीसच देण्याचें तिघांच्या मनांत होतेंच. तेव्हां तिघांनीं मिळून सोन्याच्या भावानें सगळी रक्कम तिला दिली. आमच्या वांट्यास दोन महिन्यांचें निवृत्तिवेतन आलें. घड्याळ कोणाच्या घरीं राहावें याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. तूर्त तें घड्याळजींकडे आहे. अडकण नवी बसवीत आहेत.