सर्दी-पडसे : शरीराची नैसर्गिक प्रतिकारप्रक्रिया

प्रस्तावना :
सर्दी-पडसे हा मानवास वारंवार होणारा विकार होय. प्रौढ व्यक्तीस वर्षातून साधारणतः दोन-तीन वेळा आणि लहान मुलांस त्याहून अधिक वेळा सर्दी होते. 'औषध घेतल्यास सात दिवस, न घेतल्यास एक आठवडा' हे सर्दीविषयीचे विनोदी वचन सर्वपरिचित आहे. त्यात विनोदापेक्षा शास्त्रीय तथ्यच अधिक आहे. सर्दी औषधाने नव्हे, तर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने बरी होते. इतकेच नव्हे, तर जिला आजाराची लक्षणे म्हटले जाते, ती बव्हंशी या प्रतिकाराचीच दृश्य रूपे असतात.

विषाणूचा प्रवेश व पेशींचा प्रतिसाद :
सर्दीस कारणीभूत ठरणाऱ्या दोनशेहून अधिक विषाणूंमध्ये ऱ्हायनोव्हायरस हा प्रमुख असून त्याचेच १६० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात त्याची वाढ जोमाने होते. बाहेरील हवेमुळे काहीशी थंड राहणारी नासिका त्यास म्हणूनच सोयीची ठरते.

नासिकेतील चिकट श्लेष्मा विषाणूंना अडकवतो आणि पक्ष्माभिका, म्हणजे पेशींवरील अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू, तो घशाकडे ढकलतात. तेथून तो गिळला जातो व जठरातील आम्लात बहुतेक विषाणू नष्ट होतात. यातून निसटलेला विषाणू पेशीत शिरला, की ती पेशी इंटरफेरॉन ही प्रथिने स्रवते. ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी १९५७ साली लंडन येथे इंटरफेरॉनचा शोध लावला. बाधित पेशी स्वतः वाचेलच असे नाही. परंतु तिच्या या इशाऱ्यामुळे शेजारच्या पेशी विषाणूची जनुकीय सामग्री तोडणारी व त्याची प्रथिननिर्मिती रोखणारी साधने सिद्ध ठेवतात. २०१५ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या श्वसनमार्गातील पेशींवर केलेल्या प्रयोगांत कमी तापमानाला हा प्रतिसाद क्षीण होतो, असे आढळले. गारठ्याचा व सर्दीचा संबंध जोडणारी लोकसमजूत त्यामुळे सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

लक्षणांचे मूळ :
इन्फ्लूएन्झाचा विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तराचा मोठ्या प्रमाणावर नाश करतो. ऱ्हायनोव्हायरस मात्र तुलनेने फारच थोडी हानी करतो. असे असूनही रुग्ण बेजार होतो, कारण बाधित ठिकाणी ब्रॅडिकायनिनसारखी रसायने निर्माण होतात. त्यांमुळे रक्तवाहिन्या विस्फारतात, नाक चोंदते, घसा दुखतो व पाण्यासारखा स्राव वाहू लागतो. नाक चोंदण्याचे कारण साचलेला शेंबूड हेच नसून आतील अस्तराची सूज हेही आहे. नाक कितीही शिंकरले तरी ते मोकळे होत नाही, ते यामुळेच.

काही दिवसांनी स्राव घट्ट व पिवळसर-हिरवट होतो. हा रंग तेथे धावून आलेल्या पांढऱ्या रक्तपेशींतील एका हरितवर्णी विकराचा असतो. तो जिवाणुसंसर्गाचा पुरावा नव्हे. दुर्दैवाने याच टप्प्यावर अनेक रुग्ण प्रतिजैविकांचा आग्रह धरतात.

त्या-त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात तयार होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर रुग्ण बहुधा बरा झालेला असतो. ही प्रतिपिंडे त्याच प्रकाराच्या पुढील हल्ल्यात उपयोगी पडतात, अन्य प्रकारांविरुद्ध फारशी नाहीत; म्हणूनच सर्दी पुनःपुन्हा होते.

प्रतिजैविकांचा प्रश्न :
प्रतिजैविके जिवाणूंची पेशीभित्तिका किंवा प्रथिननिर्मितीची यंत्रणा यांवर आघात करतात. विषाणूस यांपैकी काहीही नसते. सर्दीत घेतलेले प्रतिजैविक विषाणूस स्पर्शही करीत नाही. आतड्यातील उपकारक जिवाणू मात्र मारते आणि औषधास न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या वाढीस वाव देते. भारतात काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन औषध नियमांतील 'एच-१' अनुसूचीद्वारे मार्च २०१४ पासून घालण्यात आले, ते याच चिंतेतून. दोन दिवसांच्या सर्दीसाठीही वैद्यकीय प्रमाणपत्र मागण्याची महाविद्यालयीन प्रथा विद्यार्थ्यास अकारण दवाखान्याकडे व पर्यायाने औषधांकडे नेते, हेही येथे विचारात घ्यावयास हवे.

विश्रांती, पुरेसे पाणी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या यांनी त्रास सुसह्य होतो. आजाराचा कालावधी त्यांनी फारसा घटत नाही. मात्र धाप लागणे, तीन दिवसांहून अधिक टिकणारा तीव्र ताप, छातीत दुखणे, अथवा बरे वाटू लागल्यानंतर प्रकृती पुन्हा बिघडणे ही चिन्हे साध्या सर्दीची नव्हेत. अशा वेळी वैद्यकीय तपासणी विनाविलंब करून घ्यावी.